कशावरनं सर

त्या माणसाला मी हातातल्या कपासकट घराबाहेर काढलं. चहा अर्धाच झाला होता. उरलेला त्यांनी जिन्याखाली उभं राहून संपवला, कप पायरीवर ठेवला, माशा बसू नयेत म्हणून बशी वर पालथी घातली, आणि मग गेले.

असा माणूस. राहतं घर सुटतंय, तरी माशांचा विचार आहे. आणि जिथं विचार करायला पाहिजे होता तिथं नाही केला. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी लिहायला बसले म्हणजे राग निवला असेल. नाही निवला. तेव्हा रागातच लिहिते. मधेच कुठं हसू आलं तर तो त्यांचा दोष, माझा नाही.

ते आमचे भाडेकरू. शिरूरात आमच्या घराला वर एक खोली, जिना बाहेरनं. निमोण्याच्या वाटेला ती मोठी इंटरनॅशनल शाळा निघाली, परदेशी बोर्डाची, तेव्हा शिकवायला लांबलांबून माणसं आली. बाकीचे सगळे शाळेच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये राहिले. हे एकटे गावात खोली शोधत आले. मी म्हणलं, "सर, तिकडं फुकटात क्वार्टर, पाणी, लाइट, सगळं. इकडं कशाला येताय?" तर म्हणाले, "तिकडं सगळे एकमेकांना होय म्हणतात, भाभी. मला झोप लागत नाही."

उंच, जरासे वाकलेले, कानावर सुताराची असते तशी पेन्सिल. एका खिशात भुईमुगाच्या शेंगा, दुसऱ्या खिशात टरफलं. धुणंवालीला त्यांच्या शर्टाचे दोन्ही खिसे झाडावे लागायचे आणि ती दरवेळी तेच म्हणायची, "ह्यांचं लगीन का झालं न्हाई ते खिशातच दिसतंय की."

नाव होतं त्यांना, पण गावानं ते वापरलं नाही. पोरं, दुकानदार, रिक्षावाले, सगळे "कशावरनं सर" म्हणायचे. कारण कुणी काहीही बोललं की सरांचा एकच शब्द: कशावरनं? आमच्या गल्लीत दूध घालणारे आप्पा पहिल्याच आठवड्यात त्यात सापडले.

"एक नंबर दूध हाय, सर," आप्पा म्हणाले.

"कशावरनं?"

"आवो कशावरनं म्हंजी? म्हशीनं दिलंय."

"म्हशीनं एक नंबर दिलं असेल. तुमच्या किटलीत ते तेच आहे, हे कशावरनं?"

आप्पांना काय ते झोंबलं! दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैसच दारात आणून बांधली. "आता हिलाच इचारा," म्हणाले. सगळी गल्ली बघायला गोळा. आप्पांनी तिथंच धार काढली, फेसाळलेला तांब्या सरांच्या हातात दिला. सर उभ्यानं प्याले, मिशी पुसली आणि म्हणाले, "आजचं पटलं. कालचं?"

मी स्वतः त्यांना एकदा म्हणलं, सर, तुम्हाला ताप आहे. "कशावरनं?" डोळे लाल आहेत तुमचे. "कांदा चिरला असेल मी." मी म्हणलं, "जन्मात कधी चिरलाय का कांदा?" यावर त्यांनी खरंच विचार केला. मग वर जाऊन झोपले. तीन दिवस पेज मीच दिली.

आता मला विचाराल, असल्या माणसाचा राग कसला? सांगते. पण आधी त्यांचं शिकवणं सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग तुम्हाला साधा वाटेल.

मी शिकले सातवीपर्यंत. पुढं जे वाचलं ते माझं मी, दुपारची, वाचनालयातनं आणून. त्यामुळं वर पोरं शिकायला आली की मी जिन्यात तांदूळ निवडत बसायची, कान वर ठेवून. शाळेच्या वेळेबाहेर पोरांना घरी बोलवायचे सर. मोठमोठ्या गाड्यांतनं यायची पोरं, रांजणगावच्या, सणसवाडीच्या कंपन्यांतल्या साहेबांची. चपला काढून आमच्या जिन्यात ओळीनं बसायची. त्यांना त्या बोर्डात एक मोठा निबंध लिहावा लागे. विषय ज्याचा त्यानं शोधायचा, माहिती ज्याची त्यानं गोळा करायची, आणि कुठं काय वाचलं, कुणी काय सांगितलं ते शेवटी मांडून दाखवायचं. शिवाय एक तासच असा असायचा की आपल्याला जे ठाऊक आहे ते ठाऊक कसं झालं, यावर बोलायचं. सरांसाठीच काढला असावा तो तास.

पोरांनी लिहून आणलेल्या निबंधाचं पहिलं पान ते वाचायचेच नाहीत. दुमडून मागं टाकायचे. "पहिल्या पानावर पाहुणा खाकरतो, पाणी पितो, तब्येत विचारतो. कशाला आलाय ते दुसऱ्या पानावर कळतं." एखादं पोरगं रडवेलं व्हायचं, की सर, दोन दिवस लागले त्या पानाला. "लागणारच. खाकरायला वेळ लागतो."

रविवार आला की निबंधांचा गठ्ठा पिशवीत घालून न्हावऱ्यावरनं जाणाऱ्या एसटीनं दौंडला जायचे. तिथं काय नातेवाईक? कुणी नाही. स्टेशनच्या बाकड्यावर बसून तपासायचे. गर्दीत कसं जमतं, विचारलं तर म्हणाले, गाडीची वाट बघणारी माणसं कुणाला उपदेश करत नाहीत. आणि तिथंच त्यांना ती इंजिनाची गोष्ट सापडली. मनमाडकडनं येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीचं दौंडला इंजिन सोडतात आणि दुसऱ्या टोकाला लावतात. पुढचा डबा मागचा होतो. तेव्हापासून पोरांच्या निबंधावर पेन्सिलीनं शेरा येऊ लागला: "दौंड कर." म्हणजे शेवटी जे कळलंय ते पुढं आण, आणि तिथनं ओढ. बंगल्यातली पोरं, ज्यांनी दौंड बघितलं नव्हतं, ती एकमेकांना सांगायची, "माझं दौंड झालं, तुझं?"

त्यातला एक पोरगा पुढं बाहेर देशात शिकायला गेला. तिथनं त्याचा फोन आला, आमच्याच घरच्या फोनवर, सरांना बोलवून दिला मी. फोन ठेवून सर सांगत होते, चेहरा कसा फुललेला: "भाभी, तिथं पहिल्याच महिन्यात लायब्ररीत बसून वीस पानं लिहा म्हणाले, सगळी पोरं घाबरली. हा म्हणतो, मी तर हे शिरूरला जिन्यात बसून केलंय." मी म्हणत नाही ती शिकवण खोटी होती. खोटी असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आता आमचं. त्या शाळेचं मोठं गेट जिथं आहे ना, दोन सिंह बसवलेत सिमेंटचे, तिथं आमची बाजरी व्हायची. रस्त्याला लागून तेवढाच तुकडा होता आमचा. शाळेला गेटासाठी तोच पाहिजे होता. ठरलं काय, तर जमिनीचा मोबदला थोडा, आणि घरातल्या एका मुलाला अकरावी-बारावी मोफत. नसीमच्या अब्बांनी तेवढ्यासाठी सही केली. नसीम आमची धाकटी. दहावीपर्यंत दौंडला माझ्या भावाकडं राहून इंग्रजी शाळेत शिकली, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी सगळ्याच म्हणतात तसं नाही. तिच्या मामूचा हात मशीनमध्ये आला तेव्हा दवाखान्यात तिनं टाके घालताना टक लावून बघितलेलं. घरी येऊन म्हणाली, "अम्मी, त्या डॉक्टरनं दोनदा उसवून पुन्हा घातले. मी असते तर एकदाच घातले असते." असली पोरगी.

प्रवेशाच्या वेळी पालकांची सभा झाली. एसी हॉल, पडदा, पडद्यावर हिरवळ, दगडी इमारती, गोरी पोरं पुस्तकं छातीशी धरून हसतायत. शाळेचे संचालक सारखं एकच सांगत होते, आमचा अभ्यासक्रम मुलांना जगातल्या कुठल्याही विद्यापीठासाठी तयार करतो. मग विषय निवडायची वेळ आली. त्या बोर्डात सायन्सचे विषय दोनच घेता येतात म्हणाले, उरलेले भाषा, समाजशास्त्र, गणित असे. मी उठून उभी राहिले. सगळ्या साड्यांत माझीच साडी सुती, पण राहिले उभी.

"इथल्या डॉक्टरकीला दोनवर चालतंय का?"

"समकक्ष आहे, मावशी," संचालक हसून म्हणाले. "सगळं समकक्ष आहे."

समकक्ष. केवढा गुळगुळीत शब्द बघा. घशाखाली कधी उतरतो कळत नाही.

तरी माझं समाधान नव्हतं. संध्याकाळी सर चहाला खाली आले तेव्हा मी त्यांना विचारलं, कारण प्रत्येक मुलाला एक सल्लागार शिक्षक असायचा आणि नसीमचे तेच होते. "सर, दोन सायन्सवर ही डॉक्टर होईल ना?"

सरांनी शेंग फोडली. "डॉक्टरच व्हायचं, हे कशावरनं ठरवलं?"

मी हसले. काय करणार, सवय होती ना त्या शब्दाची. म्हणलं, "तिनंच ठरवलंय." ते म्हणाले, "सोळाव्या वर्षी माणूस ठरवत नाही, ऐकलेलं सांगतो." आणि बोलणं तिसरीकडंच गेलं. ती संध्याकाळ लक्षात ठेवा.

नसीमला समाजशास्त्र आलं, आणि तिनं जीव ओतला त्यात. पहिल्या वर्षाचा निकाल आला, प्रत्येक विषयात सातपैकी सहा नाहीतर सात. ते बोर्ड टक्के देत नाही. शेजारची मामी बघायला आली, कागद उलटा-सुलटा करून म्हणाली, "सात? चाची, सातच पडले व्हय? आन् त्याच्यावर तू पेढं वाटतीस?" मी म्हणलं, अगं, सातातले सात. "मग सातातले सात म्हंजी टक्के किती?" सर जिन्यावरनं म्हणाले, "टक्के म्हणजे काय, हे आधी सांगा." मामी पेढा घेऊन निघून गेली. गावात बरेच दिवस होतं की चाचीची पोरगी सात मार्क पाडून नाचतीय.

मोठ्या निबंधाला नसीमनं विषय घेतला कुरकुंभच्या कामगारांच्या घरांचा. तिचा मामू तिथंच कंपनीत होता. कंपनीत तीन पाळ्या; दर आठवड्याला पाळी बदलली की घरातल्या बाईची झोप, स्वयंपाक, पोरांची शाळा यांचं काय होतं, हे तिला शोधायचं होतं. सर बरोबर गेले. इंग्रजी शाळेत शिकलेली माझी लेक आणि जगातल्या कशाचंच भान नसलेला तो माणूस! पहिल्याच दारात नसीमनं वही उघडून विचारलं, "काकू, तुमच्या घरात पाळी बदलली की त्रास कुणाला होतो?"

बाईनं तोंडाला पदर लावला. मागनं सर पुढं झाले, समजावून सांगायला. "लाजू नका, सगळ्यांच्याच घरात असते. आणि आम्ही बायकांचं विचारत नाही आहोत. पुरुषांच्या पाळीचं विचारतोय."

"अगं बया!" दार धाडकन लागलं. पुढच्या दारात तर सासूच झाडू घेऊन आली, "मास्तर हाय का कोन हाय ह्यो? थांब, दावते तुला पुरुषाची पाळी!" सर तिला म्हणतायत, "तुम्ही रागावलात, पण कशावरनं ते सांगा तरी." शेवटी मामू पळत आला, "आवो मावशी, कंपनीची पाळी! डूटी, डूटी!" मग जी हसाहस झाली! सासू झाडू टाकून खालीच बसली. म्हणाली, "मग शिप म्हना की, शिप. फस्ट शिप, सेकन शिप. पाळी काय म्हनताय चारचौघात."

त्यानंतर दारं उघडली. एक बाई म्हणाली, "नाइट करून मालक झोपलं की पोरांना परसात हाकलायचं. कुकरची शिट्टी काढून ठिवलीय मी, उघड्या पातेल्यात डाळ शिजवते. मी कवा झोपते ते आजपतुर कुनी इचारलं न्हाई. तू पैली." नसीम घरी आली ती पेटलेलीच. "अम्मी, सगळ्यांची डोकी दुखतात. सगळ्या गोळ्या खातात नि कामाला लागतात, आणि कुणा डॉक्टरनं त्यांना झोपेचं विचारलंच नाही! मी विचारीन."

बघा हं. त्या निबंधानं तिला जास्तच डॉक्टर व्हायचं झालं. आणि वर खोलीत बसून तोच निबंध वाचताना सरांना दुसरंच काहीतरी दिसत होतं. त्यांनी त्याचं पहिलं पानसुद्धा दुमडलं नाही. मला बोलवून दाखवलं. "भाभी, ही खाकरतच नाही."

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आम्ही दोघी पुण्याला गेलो, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म आणायला. खिडकीशी ही लांब रांग. कारकुनानं विचारलं, विषय? नसीमनं सांगितले. तो म्हणाला, "फिजिक्स कुठंय?"

"आमच्या बोर्डात दोनच सायन्स असतात," नसीम म्हणाली.

"समकक्ष आहे," मी मागनं म्हणलं.

त्यानं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता. "मावशी, समकक्ष असू द्या नाहीतर सोन्याचं असू द्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, तिन्ही पाहिजेत. फिजिक्स नाही तर डॉक्टरकी नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

जगातल्या सगळ्या विद्यापीठांची दारं उघडी म्हणाले होते. पुणं जगात येत नाही का?

रांगेतनं बाजूला झालो तर नसीमच्याच वर्षाचा, दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा उभा, पुण्यातल्या एका डॉक्टरांचा, वडील बरोबर, हातात भरलेला फॉर्म. नसीम म्हणाली, "अरे, तुला कसा मिळाला?" तो बिचारा सरळ बोलला. "मी तिन्ही घेतलीत ना. खास परवानगी लागते. समाजशास्त्र सोडायचं आणि सल्लागारानं बोर्डाला लिहायचं. सरांनीच लिहिलं. तुझ्यासाठी नाही लिहिलं?"

एसटीत नसीम खिडकीकडं तोंड करून बसली. शिक्रापूर आलं, रांजणगाव आलं, एक शब्द नाही. मी बोलत होते, कंडक्टरला, शेजारच्या बाईला, देवाला. ती नाही.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांकडं गेले. सिंहांच्या मधनं. ते म्हणाले, "मुलगी अतिशय हुशार आहे, बाहेरच्या देशात प्रयत्न करा, आम्ही शिफारस देऊ." मी म्हणलं, बाहेरच्या देशात ठेवायची ऐपत असती तर बाजरी कशाला दिली असती? ते म्हणाले, "विषयांचं सल्लागार बघतात, त्यांच्याशी बोला." मी म्हणलं, "समकक्ष तुम्ही म्हणाला होतात." ते म्हणाले, "समकक्ष आहेच." तोच शब्द, तसंच हसू. उठताना मी एवढंच म्हणलं, "माझी बाजरी परत द्या." त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. शिपायानं पाणी आणलं.

संध्याकाळी सर चहाला खाली आले. मी कप हातात दिला, बसू दिलं, आणि विचारलं.

"ती परवानगी मिळते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असणं म्हणजे..."

"सर. सरळ."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "होतं."

"मग?"

"भाभी, डॉक्टर पुष्कळ होतात. नसीमनं जे लिहिलंय तसं लिहिणारं मूल मी आख्ख्या नोकरीत बघितलं नाही. तिसरं सायन्स घेतलं असतं तर समाजशास्त्र गेलं असतं. हा निबंध झालाच नसता. तिला मी पुढं नेली असती, मोठ्या विद्यापीठात, तिथल्या लोकांना माहीत असतं काय करायचं असल्या डोक्याचं. इथं पाठ करून डॉक्टर होतात. तिला ते सोसलं नसतं."

"कशावरनं?"

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"नाही, सांगा ना. गावभर विचारत हिंडता. आप्पांची म्हैस दारात आणवलीत. माझ्या लेकीला काय सोसतं, काय नाही, हे कशावरनं ठरवलंत? तिला विचारलंत?"

"ती सोळा वर्षांची होती."

"तो डॉक्टरांचा पोरगा किती वर्षांचा होता?"

"त्याचे वडील मागायला आले होते."

"आणि मी? इथंच बसून विचारलं होतं मी तुम्हाला! ह्याच पाटावर! तुम्ही शेंगा फोडत होतात!"

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला, की आठवलं. मोटारीतनं आलेल्या बापाचा प्रश्न हा प्रश्न होता, आणि माझा म्हणजे चहाबरोबरच्या गप्पा. जो माणूस पोरांना शिकवत होता की कोण सांगतंय ते बघू नका, काय सांगतंय ते बघा, त्याच माणसानं कोण विचारतंय तेवढंच बघितलं. संचालकाचा मला एवढा राग नाही आला, खरं सांगते. तो दुकान मांडून बसलेला. ह्यांना मी माझ्या ताटातली भाकरी दिली होती.

"उठा," मी म्हणलं. "कपासकट उठा."

बाकीचं सुरुवातीला सांगितलंच. सामान दोन दिवसांनी टेम्पोनं गेलं. जिन्यात नसीम उभी होती सगळं ऐकत. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, "अम्मी, पण तो निबंध खरंच चांगला झालाय गं." मला कळेना, हिला जवळ घेऊ का एक ठेवून देऊ.

शाळेनंही पुढच्या वर्षी त्यांना ठेवलं नाही, असं कानावर आलं. कशासाठी ते मी विचारायला गेले नाही.

नसीम पुन्हा अकरावीला बसली. दौंडच्या कॉलेजात, मामूकडं राहून, दोन वर्षांनी लहान पोरींच्या बाकावर. नातेवाईक विचारायचे, नापास झाली का गं? सातच मार्क होते म्हणे? कुणाकुणाला काय सांगायचं! पहिल्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, कसं शिकवतात? "सांगतात ते लिहून घ्यायचं, अम्मी. मी एकदा विचारलं, हे सूत्र आलं कुठनं? इथले सर म्हणाले, पोर्शन संपवायचाय, खाली बस." पुढं तिनं विचारणं सोडलं. दोन वर्षं माझी बडबडी पोरगी खाली मान घालून लिहून घेत राहिली. त्या शाळेनं तिला विद्यापीठात विचारायला शिकवलं होतं, आणि विद्यापीठात शिरायला तिला गप्प बसायचं शिकावं लागलं. ह्याला काय म्हणायचं? समकक्ष म्हणा.

झाली ती डॉक्टर. वेळ गेला, पण झाली. सणसवाडीत दवाखाना आहे, खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी कामगार माणसं येतात, बिहारची, यूपीची, मराठवाड्याची. बायका जास्त. ती त्यांच्याशी किती वेळ बोलत बसते म्हणून बाहेरचे पेशंट कुरकुरतात.

मागं एकदा तिला डबा देऊन मी परतायला निघाले होते. दवाखान्यासमोरच एसटी थांबते. तिथं सर उभे. केस सगळे पांढरे, डोळ्यावर जाड भिंग, पेन्सिल तिथंच. मी ओळखलं, आणि त्यांनी मला आवाजावरनं ओळखलं असणार, कारण मी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते.

"भाभी?" म्हणाले. हातातली पिशवी ह्या हातातनं त्या हातात. "नसीम काय करते?"

एवढंच. कसला फाटा नाही, कसली हुशारी नाही. साधं, कुणीही विचारील तसं.

त्यांच्या पाठीमागं रस्त्यापलीकडं तिच्या नावाची पाटी होती. मराठीत, आणि खाली हिंदीत. मी नुसतं बोट केलं असतं तरी ते चालत जाऊन, डोळे बारीक करून वाचून आले असते. आतनं तिचा आवाजही येत होता.

"माझी बस आली," मी म्हणलं, आणि चढले.

खिडकीतनं बघितलं तर ते अजून माझ्याकडंच तोंड करून उभे. बघू देत. विचारत राहू देत.